मदत हवी आहे: २०-६० जीबीच्या फायली एक्स्टर्नल ड्राइव्हवर कॉपी होता होता मध्येच तुटतात

पाटीपेन्सिल

डेस्कटॉपमधली २ टीबीची हार्ड डिस्क रिकामी करायची आहे. ३.५ इंची, साटा. त्यावरचे साधारण ६८० जीबी व्हिडिओ ४ टीबीच्या नव्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर न्यायचे आहेत. हा २.५ इंची, यूएसबी ३, वेगळा अ‍ॅडॅप्टर नाही. विंडोज १०, दोन्हीकडे एनटीएफएस, जागा भरपूर.

फोटो आणि डॉक्युमेंट्स हजारोंनी गेले, एकही अडलं नाही. मोठ्या फायलींची मात्र रड आहे. १८, २३ आणि ६२ जीबीच्या फायली दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर तुटतात, एरर ०एक्स८००७०४५डी. दोनदा ०एक्स८००७०१बी१ आला आणि एक्स्टर्नल ड्राइव्ह 'धिस पीसी'मधून काही सेकंद गायबच झाला. ४१ जीबीची एक फाइल कितीही वेळा लावली तरी २६ जीबीच्या आसपास थांबते, तिथे 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक' असं येतं, ०एक्स८००७००१७.

चेकडिस्क /आर (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) लावू का? बहुतेक ठिकाणी तोच उपाय दिसतोय. की नवा ड्राइव्हच सदोष आहे?

तांब्याची तार

चेकडिस्क /आर अजिबात लावू नका, निदान आज तरी. /आर सगळ्या सेक्टरवरून (डिस्कवरचे छोटे कप्पे) डोकं फिरवतं. डिस्क खरंच आजारी असेल तर तेवढ्या तासांत ती आणखी खचू शकते, आणि तुमचा डेटा अजून तिच्यावरच आहे. शिवाय खराब क्लस्टर (सेक्टरांचा गट) बदलताना फाइलचा तेवढा तुकडा कायमचा जातो. आधी डेटा बाहेर, मग दुरुस्ती.

तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. ८००७ नंतरचे चार अंक म्हणजे विंडोजचा एरर क्रमांक, हेक्समध्ये. १७ म्हणजे २३: डिस्कने सेक्टर वाचला पण त्याची तपासणी जुळली नाही. ४५डी म्हणजे १११७: साधनाशी देवाणघेवाण फसली, कारण सांगितलेलं नाही. १बी१ म्हणजे ४३३: असं साधन अस्तित्वातच नाही, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमच्या दृष्टीने उपटला गेला. २३ आणि ४३३ ही एकाच दुखण्याची लक्षणं नव्हेत. दर वेळी त्याच जागी थांबतंय तर डिस्कचा पृष्ठभाग बघायचा. दर वेळी वेगळ्या जागी तुटतंय तर केबल, पोर्ट किंवा वीज. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय, म्हणून दोन बिघाड वेगवेगळे धरून चाला.

छोट्या फायली का गेल्या? जोडणी दर पाच-दहा मिनिटांनी एकदा सुटत असेल, तर ५ एमबीच्या फाइलला त्याचा फटका बसण्याची शक्यता नगण्य. ६२ जीबीच्या फाइलला जोडणी सलग दहा मिनिटं टिकावी लागते. खराब सेक्टरचंही तसंच. दोन टीबीत दोन-चार खराब जागा असल्या तर त्या मोठ्या फाइलच्या पोटात सापडण्याची शक्यता जास्त.

आता वाचणं आणि लिहिणं वेगळं करा. एक्स्टर्नल ड्राइव्ह काढून ठेवा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एकेका मोठ्या फाइलवर हे चालवा. इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं:

सर्टयुटिल -हॅशफाइल "डी:\व्हिडिओ\फाइलचं नाव.एमपी४" एसएचए२५६

ही कमांड अख्खी फाइल वाचते आणि कुठेही काही लिहीत नाही. प्रगतीची पट्टी दिसत नाही, गोंधळू नका. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वेग बघत बसा. ६२ जीबीला सात-आठ मिनिटं लागतील. हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, अंक-अक्षरांची एक लांब ओळ) आला तर मूळ फाइल पूर्ण वाचता येते आणि दोष पलीकडच्या बाजूला. एरर आला तर मूळ डिस्कच. आलेले हॅश नोटपॅडमध्ये ठेवा, पुढे लागतील.

जुना खडू

वरच्याला जोडून दोन गोष्टी बघा.

एक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. कॉपी तुटली त्या मिनिटाच्या नोंदी शोधा. इव्हेंट ७ म्हणजे बॅड ब्लॉक. १५७ म्हणजे डिस्क 'सरप्राइज रिमूव्ह्ड', अचानक निघाली. १५३ म्हणजे विनंती पुन्हा पाठवावी लागली. 'यूएएसपीस्टोर'कडून (यूएसबी ड्राइव्हचा ड्रायव्हर) १२९ असेल तर यूएसबीवरचा ड्राइव्ह उत्तर देईना म्हणून विंडोजने त्याला रिसेट केलं. नोंदीत हार्डडिस्क१, हार्डडिस्क२ असे क्रमांक असतात, ते डिस्क मॅनेजमेंटशी ताडून बघा. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला व्हायचं. यूएसबी काढून परत लावली की तिचा क्रमांक बदलू शकतो, हेही लक्षात ठेवा.

दोन, क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून दोन्ही ड्राइव्हचे ०५ (बदलून टाकलेले सेक्टर), सी५ (संशयास्पद, अजून न बदललेले), सी६ (दुरुस्त न झालेले) आणि सी७ (देवाणघेवाणीतले दोष) यांचे 'रॉ' आकडे इथे द्या. वरचा निळा 'गुड' बघून समाधान मानू नका.

सुतळी

धागा आयता सापडलाच आहे तर विचारतो. पेनड्राइव्हवर ५.८ जीबीची फाइल जातच नाही, 'फाइल डेस्टिनेशनसाठी फार मोठी आहे' म्हणतो. पेनड्राइव्हवर २० जीबी मोकळे आहेत.

जुना खडू

सुतळी, तुमचा पेनड्राइव्ह फॅट३२ आहे (एनटीएफएस, एक्सफॅट यांसारखीच फायली मांडून ठेवायची एक पद्धत). त्यात फाइलचा आकार ३२ बिटांत लिहिला जातो, त्यामुळे एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. मोकळ्या जागेशी संबंध नाही. आतलं सगळं दुसरीकडे ठेवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट नको असेल तर 'कन्व्हर्ट ई: /एफएस:एनटीएफएस' आहे, त्यात डेटा राहतो, पण टीव्ही किंवा गाडीतल्या प्लेअरला एनटीएफएस पचेलच असं नाही. एक्सफॅटमध्ये जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, तेव्हा 'इजेक्ट' न करता उपटायची सवय सोडा.

पाटीपेन्सिल

केलं. १८, २३ आणि ६२ जीबीच्या फायलींचे हॅश व्यवस्थित आले. ४१ जीबीवाली तशीच अडली, ०एक्स८००७००१७.

मूळ डिस्क: ०५ शून्य, सी५ मध्ये १०, सी६ मध्ये १०, सी७ शून्य. एक्स्टर्नल: चारही शून्य. इव्हेंटमध्ये हार्डडिस्क१ वर ७ च्या बऱ्याच नोंदी, आणि डिस्क २ साठी १५७ तीनदा. डिस्क १ म्हणजे जुनी २ टीबी, डिस्क २ एक्स्टर्नल.

एक्स्टर्नल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावलाय, केबल दीड मीटरची, दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणाची. सी७ शून्य आहे, म्हणजे केबल ठीक ना?

तांब्याची तार

नाही. सी७ यूएसबी केबलबद्दल बोलतच नाही. तो ड्राइव्ह आणि साटा कंट्रोलर यांच्यामधल्या तारेवरचे दोष मोजतो. एक्स्टर्नल पेटीत तो कंट्रोलर आतल्या ब्रिज बोर्डावर (साटाला यूएसबीशी जोडणारी छोटी पट्टी) असतो, म्हणजे सी७ ची हद्द त्या बोर्डापाशीच संपते. तिथून पुढची तुमची दीड मीटर तार या मोजमापाच्या बाहेर आहे. अंतर्गत साटा डिस्कवर सी७ वाढत असता तर मी लाल केबल बदला म्हटलं असतं.

१५७ तीनदा म्हणजे जोडणीच सुटते. ड्राइव्हसोबत आलेली आखूड केबल वापरा आणि ती कॅबिनेटच्या मागे, थेट मदरबोर्डवरच्या यूएसबी ३ पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतून आणखी एका तारेने बोर्डाला जोडलेले असतात, म्हणजे लांबी आणि सांधे दोन्ही वाढतात. यूएसबी ३ पोर्टने ९०० मिलिअँपिअर देणं अपेक्षित आहे, यूएसबी २ ने ५००. वेगळा अ‍ॅडॅप्टर नसलेला ड्राइव्ह सगळं त्यातूनच ओढतो. लांब, बारीक तारेत व्होल्टेज पडलं की सलग लिहिताना ड्राइव्ह क्षणभर मान टाकतो, आणि विंडोजच्या लेखी तो निघून गेलेला असतो. रुंद चपटा मायक्रो-बी प्लग असेल तर तो शेवटपर्यंत बसलाय ना ते बघा. अर्धवट बसला की ड्राइव्ह गुपचूप यूएसबी २ वर चालतो आणि वेग ३०-४० एमबीवर अडकतो.

पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (रिकाम्या यूएसबी साधनाला झोपवणं) तात्पुरतं बंद करा. तुमच्या बाबतीत तो मुख्य गुन्हेगार वाटत नाही, कारण ड्राइव्ह कामात असतानाच तुटतोय, पण दोन क्लिकचं काम आहे.

जुना खडू

आणि सी५ मधले ते १० दहा नव्हेत! क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ आकडा मुळात हेक्समध्ये दाखवतो, म्हणून ते १६ आहेत. फंक्शन मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड फीचरखाली रॉ व्हॅल्यू दशमान करता येते. आजच्या डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा, बाहेर मात्र ५१२ चे आठ दाखवले जातात. १६ म्हणजे बहुधा दोनच खऱ्या जागा, आणि त्या तुमच्या ४१ जीबीवाल्या फाइलच्या पोटात आहेत.

आधी धडधाकट फायली हलवा. एक्सप्लोररऐवजी रोबोकॉपी, विंडोजचीच कॉपी कमांड:

रोबोकॉपी "डी:\व्हिडिओ" "एफ:\व्हिडिओ" /ई /जे /आर:२ /डब्ल्यू:५ /एक्सएफ "अडलेली फाइल.एमपी४" /लॉग:"एफ:\कॉपी.टीएक्सटी"

/आर (इथे किती वेळा पुन्हा प्रयत्न, चेकडिस्कचा /आर नव्हे) आणि /डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) विसरू नका. ते दिलं नाही तर रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर प्रयत्नामध्ये ३० सेकंद थांबून. खराब सेक्टरवर असा घण घालत राहणं म्हणजे डिस्कचा जीव घेणं. /जे मोठ्या फायलींसाठी: रॅममधल्या कॅशला वळसा घालून थेट लिहितो, त्यामुळे टक्केवारी खोटी पुढे पळत नाही. /एक्सएफ ती एक फाइल वगळतो. अवतरणात लिहिलेल्या मार्गाच्या शेवटी उलटी तिरकी रेघ ठेवू नका, रोबोकॉपी तिच्यामुळे बंद होणारं अवतरणचिन्ह मार्गाचाच भाग समजतो आणि पुढची सगळी कमांड बिघडते. /एमआयआर कुणी सुचवलं तरी वापरू नका, मूळ ठिकाणी नसलेलं सगळं तो पलीकडून पुसतो.

मध्येच वेग १२० वरून १५ एमबीवर आला तर घाबरून केबल हलवू नका. एवढ्या क्षमतेचे २.५ इंची ड्राइव्ह बहुतेक एसएमआर असतात, म्हणजे पट्टे एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले. राखीव कॅश भरली की आतली आवराआवर सुरू होते. एरर नसेल आणि १५३ किंवा १५७ च्या नोंदी नसतील तर तो बिघाड नव्हे.

पाटीपेन्सिल

मागचा पोर्ट, आखूड केबल. ६३९ जीबी एका दमात गेले, १५७ ची नवी नोंद नाही. वेग शेवटी शेवटी खाली आला होता, हात लावला नाही. आता ४१ जीबीवालीचं काय?

तांब्याची तार

हलवलेल्या फायली आधी ताडून घ्या. एक्स्टर्नल 'इजेक्ट' करून, काढून, परत लावा आणि मगच सर्टयुटिल चालवा. लगेच चालवलं तर फाइल रॅममधूनही वाचली जाऊ शकते, मग तपासणी डिस्कची नव्हे तर रॅमची होते. नोटपॅडमधल्या हॅशशी जुळलं की झालं. एकाच फाइलचा हॅश दर वेळी वेगळा आला तर मात्र ड्राइव्ह सोडा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावा.

अडलेल्या फाइलसाठी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (संगणक थेट त्यावरूनच सुरू होतो असा) बनवा आणि डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून वाचता येईल तेवढं उचलणारी कमांड) वापरा. विंडोज 'शट डाउन' करून नव्हे तर 'रिस्टार्ट' करूनच लिनक्समध्ये जा. फास्ट स्टार्टअप चालू असलं तर शट डाउननंतर एनटीएफएस अर्धवट उघडं राहतं आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देऊ शकतो. जुनी डिस्क फक्त वाचण्यासाठी माउंट करा (म्हणजे लिनक्समध्ये उघडा). मग:

डीडीरेस्क्यू -एन मूळफाइल नवीफाइल नकाशा.मॅप
डीडीरेस्क्यू -आर३ मूळफाइल नवीफाइल नकाशा.मॅप

पहिली फेरी खराब भाग कुरतडत न बसता बाकीचं सगळं उचलते, दुसरी उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न करते. नकाशा फाइल दोन्हीकडे तीच हवी आणि ती एक्स्टर्नलवर ठेवा. मध्ये वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं.

पाटीपेन्सिल

पहिल्या फेरीनंतर ८१९२ बाइट उरले, दुसरीनंतरही तेवढेच. फाइल चालते. एका जागी क्षणभर चित्राचे चौकोन होतात, बाकी ठीक.

जुना खडू

८१९२ म्हणजे बरोबर दोन सेक्टर, हिशोब जुळला. तुटलेली जागा फाइलच्या मध्यावर होती म्हणून निभावलं. एमपी४ चा निर्देशांक अनेकदा फाइलच्या शेवटी असतो, तो गेला असता तर फाइल उघडलीच नसती.

आता जुन्या डिस्कवर हवं ते करा. 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या, त्यात प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं. मग सी५ आणि ०५ पुन्हा बघा. सी५ शून्य झाला आणि ०५ हलला नाही, तर त्या जागा नव्याने लिहिल्यावर टिकल्या. दुय्यम कामाला डिस्क वापरता येईल. ०५ वाढला तर राखीव जागा खर्ची पडल्या, महिनाभर आकडा बघा. फॉरमॅटनंतरही सी५ वाढतच असेल तर भंगार.

४१ जीबीवालीचा मूळ हॅश कधीच मिळणार नाही, तेव्हा एक्स्टर्नलवरच्या प्रतीचा हॅश आजच काढून बाकीच्यांसोबत लिहून ठेवा.