डेबियन सर्व्हरवर न मागता बसलेले एक्झिम: ते कोणत्या पॅकेजमुळे आले, हे कसे शोधावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या संस्थेच्या फाइल सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि दोन डिस्कांची रेड-१ जोडणी (दोन्हींवर तोच डेटा ठेवणारी) एमडीअ‍ॅडम या साधनाने केलेली आहे. कोणकोणती पोर्ट उघडी आहेत हे 'एसएस -टीएलएनपी' या कमांडने तपासताना १२७.०.०.१ या पत्त्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर एक्झिम४ (मेलची ने-आण करणारे सॉफ्टवेअर) चालू असल्याचे आढळले. हा सर्व्हर मेलसाठी नाही आणि एक्झिम कोणी मुद्दाम बसवलेलेही नाही. 'अ‍ॅप्ट-कॅशे आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड एक्झिम४-डेमन-लाइट' चालवून पाहिले, परंतु त्या यादीतून मूळ कारणापर्यंत पोहोचता येत नाही. हे पॅकेज कोणी ओढून आणले ते नेमके कसे शोधावे, आणि बाकी काही न बिघडवता ते कसे काढावे?

उत्तर १

'आरडिपेंड्स' त्या पॅकेजचे नाव घेऊन मागणी करणारी पॅकेजेस दाखवते. येथे मात्र एक्झिम नावाने मागवले गेलेले नसावे. एमडीअ‍ॅडमच्या 'रेकमेंड्स' (शिफारस) या ओळीत 'डीफॉल्ट-एमटीए, नाहीतर मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' अशी, म्हणजे मेल पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरची, मागणी आहे. या दोन्ही नावांची खरी पॅकेजेस नाहीत. ती आभासी आहेत, म्हणजे दुसरे एखादे पॅकेज ती भूमिका पार पाडते. डेबियनमध्ये 'डीफॉल्ट-एमटीए'ची भूमिका एक्झिम४-डेमन-लाइटकडे आहे, उबुंटूमध्ये ती पोस्टफिक्सकडे असते. मशीनवर मेल पाठवणारे दुसरे काहीच नसेल तर अ‍ॅप्ट (पॅकेजेस बसवणारे साधन) पहिला पर्याय उचलते. डेबियन ५.० पासून, म्हणजे २००९ पासून, अ‍ॅप्ट रेकमेंड्समधील पॅकेजेसही आपोआप बसवत असल्यामुळे एमडीअ‍ॅडमबरोबर एक्झिम येणे हे त्याचेच फळ आहे.

खात्री करण्यासाठी 'अ‍ॅप्टिट्यूड व्हाय एक्झिम४-डेमन-लाइट' ही कमांड चालवावी. ती उलट दिशेने माग काढत आपण स्वतः बसवलेल्या पॅकेजपर्यंत जाते आणि साखळीतील प्रत्येक दुवा 'डिपेंड्स'चा (अनिवार्य गरज) आहे, 'रेकमेंड्स'चा आहे की 'प्रोव्हाइड्स'चा (भूमिका पार पाडणे), हे सांगते. ओळीच्या सुरुवातीला मोठे 'ए' असेल तर ते पॅकेज आपोआप आलेले आहे. '-व्ही' जोडल्यास एकापेक्षा अधिक साखळ्या दिसतात, आणि हे आवश्यक आहे, कारण एक दुवा तोडल्यावर दुसरा शिल्लक असू शकतो. उदाहरणार्थ, एक्झिम४-बेस हे बीएसडी-मेलएक्सची शिफारस करते आणि बीएसडी-मेलएक्सला पुन्हा मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट लागतो. नुसत्या याद्या वाचणारा माणूस या वर्तुळातच फिरत राहतो.

अ‍ॅप्टिट्यूड बसवायचे नसेल तर '/व्हार/लॉग/अ‍ॅप्ट/हिस्टरी.लॉग' ही फाइल वाचावी. तिच्यात प्रत्येक वेळी दिलेली मूळ कमांड आणि तिच्यामुळे बसलेली पॅकेजेस असतात. न मागता आलेल्यांपुढे कंसात 'ऑटोमॅटिक' लिहिलेले असते. जुन्या नोंदी दर महिन्याला आकुंचित होऊन बाजूला जातात, त्यांत 'झेडग्रेप'ने शोधावे.

उत्तर २

माग काढण्याची पद्धत वर नीट सांगितली आहे. काढून टाकण्यापूर्वी ही शिफारस का आहे, याचा मात्र विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रेडमधील एक डिस्क निकामी झाली तरी दुसरीवर काम विनातक्रार चालू राहते, आणि म्हणूनच ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. एमडीअ‍ॅडमचा पहारा देणारा भाग अशा वेळी 'एमडीअ‍ॅडम.कॉन्फ'मधील 'मेलअ‍ॅडर' या पत्त्यावर मेल पाठवतो. मेल पाठवणारे काहीच उरले नाही तर ही सूचना कोणापर्यंतच पोहोचणार नाही, आणि दुसरी डिस्क गेल्यावर सगळाच डेटा जाईल.

म्हणून एक्झिमच्या जागी डीएमए (मेल पाठवणारे एक छोटे सॉफ्टवेअर) बसवावे. ते २५ क्रमांकाचे पोर्ट उघडत नाही, मेल रांगेत ठेवून नंतर पुन्हा पाठवण्याचा प्रयत्न करते आणि मेल-ट्रान्सपोर्ट-एजंटची भूमिकाही पार पाडते. अशी दोन पॅकेजेस एकत्र नांदत नसल्यामुळे डीएमए बसवतानाच एक्झिमचा डेमन (पार्श्वभूमीवर चालणारा भाग) निघतो. एमएसएमटीपी-एमटीए हाही पर्याय आहे, परंतु त्याच्याकडे रांग नाही. त्या क्षणी नेटवर्क बंद असेल तर सूचना हुकते, त्यामुळे या कामासाठी मी ते सुचवणार नाही. त्यानंतर 'एमडीअ‍ॅडम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट' चालवून चाचणीचा मेल खरोखर येतो का, ते पाहावे.

उत्तर ३

एक भर घालतो. अनेक जण '/इटीसी/अ‍ॅप्ट/अ‍ॅप्ट.कॉन्फ.डी'मध्ये 'इन्स्टॉल-रेकमेंड्स' बंद करतात आणि मग 'ऑटोरिमूव्ह' (आपोआप आलेली, आता नको असलेली पॅकेजेस काढणारी कमांड) चालवून जुनी पॅकेजेस का जात नाहीत, असे विचारतात. बसलेले एखादे पॅकेज ज्याची शिफारस करते, त्याला 'ऑटोरिमूव्ह' हात लावत नाही, कारण 'रेकमेंड्स-इम्पॉर्टंट' हे वेगळे सेटिंग मुळात चालू असते. ते बंद केल्यास मशीनवरची शिफारशीने आलेली सगळीच पॅकेजेस काढण्याच्या यादीत येऊ शकतात, म्हणून आधी '-एस' लावून केवळ तालीम करावी आणि यादी शेवटपर्यंत वाचावी. माझ्या मते सेटिंग सरसकट बंद करण्यापेक्षा गरजेच्या ठिकाणी 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' वापरणे अधिक सुरक्षित आहे. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर याच कामासाठी तिथल्या पॅकेज बसवणाऱ्या डीएनएफमध्ये 'इन्स्टॉल_वीक_डेप्स' हे सेटिंग आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'अ‍ॅप्टिट्यूड व्हाय'ने थेट एमडीअ‍ॅडमच दाखवले. डीएमए बसवले आहे, पोर्ट बंद झाले आहे आणि चाचणीचा मेलही आला. मात्र '/इटीसी/एक्झिम४' ही डिरेक्टरी अजून शिल्लक आहे.

उत्तर १

पॅकेज 'रिमूव्ह' झाले तरी त्याच्या सेटिंगच्या फाइली राहतात. 'अ‍ॅप्ट -एस ऑटोरिमूव्ह --पर्ज' ही तालीम आधी पाहा ('पर्ज' म्हणजे सेटिंगच्या फाइलींसकट काढणे). यादीत एक्झिम४-बेस, एक्झिम४-कॉन्फिग आणि त्यांच्या लायब्रऱ्याच असतील तर '-एस' काढून तीच कमांड चालवा. आधीच निघालेल्या डेमनच्या उरलेल्या फाइलींसाठी 'अ‍ॅप्ट पर्ज एक्झिम४-डेमन-लाइट' स्वतंत्रपणे द्यावे लागेल.