उपेक्षित की दुर्लक्षित?

अनुवादिका : संशोधनातील जागतिक विषमतेवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'निग्लेक्टेड डिसीझेस'साठी मी 'उपेक्षित आजार' असे लिहिले होते, संपादकांनी ते सरसकट 'दुर्लक्षित' करून टाकले. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? १९७५ ते १९९९ या काळात आलेल्या १३९३ नव्या औषधांपैकी उष्णकटिबंधीय आजार आणि क्षयरोग यांच्या वाट्याला अवघी १६ आली. एवढी तफावत नुसते लक्ष न गेल्यामुळे पडत नाही, असे मला वाटते.

धातुसाधित : आपलेच बरोबर आहे. 'उपेक्षा' या शब्दात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा धातू आहे. दिसत असूनही सोडून देणे, ती उपेक्षा. एफ्लोर्निथिन हे मुळात कर्करोगासाठी घडवलेले द्रव्य आफ्रिकेतील निद्रारोगावर (त्सेत्से माशीच्या चाव्यातून होणाऱ्या जीवघेण्या आजारावर) गुणकारी ठरले, पण त्या रुग्णांकडे पैसा नसल्याने १९९०च्या दशकात त्याचे उत्पादन थांबले, आणि २००० साली तेच द्रव्य स्त्रियांच्या चेहऱ्यावरचे केस रोखणाऱ्या मलमाच्या रूपाने बाजारात आले. २००१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी करार झाल्यावर निद्रारोग्यांना ते पुन्हा मिळू लागले. याला दुर्लक्ष कसे म्हणावे?

वाटसरू : धातू उकरून अर्थ ठरत असता, तर योगसूत्रांत मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या पंक्तीला बसलेली उपेक्षा सद्गुण ठरली नसती. शिवाय 'त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केले' असे आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो, तेव्हा ते हेतुपुरस्सर होते असेच सुचवतो. खरा नेमका शब्द आहे 'काणाडोळा'. फक्त त्याचे विशेषण होत नाही, हे दुर्दैव.

अल्पाक्षरी : 'पोरके आजार' का नको? 'ऑर्फन ड्रग' रूढ आहेच.

अनुवादिका : त्याने घोटाळा होईल. अमेरिकेच्या १९८३च्या कायद्याने ती संज्ञा मुख्यतः त्या देशात दोन लाखांहून कमी रुग्ण असलेल्या दुर्मीळ विकारांच्या औषधांना लागू होते. येथे रुग्ण कोट्यवधी आहेत, ऐपत तेवढी नाही.

धातुसाधित : 'आजार' हा शब्दच फारसी आहे, 'उपेक्षित रोग' म्हणावे.

वाटसरू : २०१७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'निग्लेक्टेड डिसीझेस'च्या यादीत सर्पदंशही आला. त्याला आपण रोग म्हणणार का?

धातुसाधित : विषबाधा ही व्याधीच होय.

अनुवादिका : माझा प्रश्न विशेषणाचा होता.