नागपूरचा कूलर कळव्यात चालेल का? आणि छत्तीसलाच जीव का जातोय?

कळव्याची_डबेवाली

मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण एकमेकांत अडकलेले, म्हणून एकाच धाग्यात टाकतेय.

मी ठाण्याजवळ कळव्यात अगदी वरच्या मजल्यावर राहते. घरूनच डबे करते, चपाती-भाजी, वरण-भात. पहाटे चारला शेगडी पेटते ती साडेदहाला बंद होते. डोक्यावर उघडी गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खाली गरमी सोडत असतो. पंखा लावला की तीच अंगावर येते. लादीवर पाणी शिंपडून झोपतो, तर लादीसुद्धा कोमट.

एप्रिलच्या मध्यापासून हे असंच चाललंय. मोबाईलवर बघावं तर ३५, ३६, फार तर ३७. माझी थोरली बहीण नागपूरला दिलेली, तिथे ४४. फोन केला की हसते, "छत्तीसला कसलं रडतेस गं, आमच्याकडे छत्तीस म्हणजे गारवा!" आता मागच्या मे महिन्यात मी तिच्याकडे जाऊन आलेय. दुपारी उंबऱ्याबाहेर पाय टाकवत नव्हता हे खरं, पण घरात कूलरसमोर चादर ओढून घ्यायची वेळ यायची. इथे शेगडी पेटवायच्या आधीच गाऊन पाठीला चिकटलेला असतो.

धंद्याचंही ऐका. ओलं खोबरं घातलेली भाजी दुपारी एकपर्यंत टिकत नाही. घणसोलीच्या एका ऑफिसातून गिऱ्हाइकाचा फोन, "ताई, वरणाला वास येतोय." साडेनऊला निघालेला डबा! तेव्हापासून खोबरं बंद. वरणाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून निववते आणि मगच डब्यात भरते, झाकणाला आतून घाम धरला तर पुसून परत लावते. सुक्या भाज्या वाढवल्या तर आता "रोज बटाटाच का" म्हणून तक्रार. असो.

तर बहिणीच्या घरी नवा कूलर आलाय आणि जुना, वाळ्याच्या ताट्यांचा, मोठ्या टाकीचा, ती ट्रान्सपोर्टने पाठवते म्हणतेय. एसीचं बिल मला झेपणारं नाही. चालेल का तो इथे? आणि हवामान खातं म्हणतं उष्णतेची लाट नाही. मग हे जे चाललंय ते काय?

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

ट्रान्सपोर्टचे पैसे वाचवा. आमच्या शेजारी जळगावहून असाच कूलर आला होता. चार दिवसांत पापड मऊ, काडेपेटी ओढली तर पेटेना, आणि माणसं आधीपेक्षा जास्त घामेजलेली. आता त्याच्यावर गाद्या ठेवतात.

येऊर_पायथा

ताई, बहिणीला बिनधास्त सांगा की नागपूरपेक्षा कळवा वाईट. सांत्वन म्हणून म्हणत नाही, हिशेब देतो. मी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर वर्तकनगरच्या गॅलरीत दोन थर्मामीटर टांगून बसलोय, त्यामुळे थोडं लांबेल.

साधा थर्मामीटर घ्या, त्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा आणि वारा घाला. फडक्यातलं पाणी उडतं तसा पारा उतरत जातो आणि एका ठिकाणी थांबतो. त्या हवेत पाणी उडवून काहीही त्याच्या खाली गार करता येत नाही. कूलर नाही, माठ नाही, आपला घामही नाही. नागपुरात दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा २३ च्या आसपास निघतो. कळव्यात ३६ अंश आणि ५० टक्के असेल तर साडेसत्तावीस. म्हणजे तुमच्या बहिणीच्या कूलरला खाली उतरायला वीस अंशांची वाट आहे आणि चांगल्या ताट्या असतील तर तो ४४ ची हवा २७-२८ वर आणून सोडतो. तुम्ही पांघरूण ओढलंत ते त्यामुळे. तोच कूलर तुमच्या खोलीत ३६ चे २९-३० करेल, पण पाण्याने गच्च भरलेली हवा देईल, आणि खिडक्या लावून चालवलात तर तेवढंही नाही. स्वयंपाकघरात तर नकोच, तिथे आधीच वाफेचा कारखाना आहे.

आता लाटेचं. हवामान खात्याचा नियम असा: मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० आणि किनाऱ्यावर निदान ३७ हवं, शिवाय ते तिथल्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर हवं, आणि हे दोन केंद्रांवर सलग दोन दिवस दिसायला हवं. त्यात रात्र कुठे आलीच नाही. आर्द्रताही नाही. तुमचा त्रास नेमका या दोन्हींत बसलेला. अशा दिवसांसाठी खातं 'उष्ण व दमट हवामान' असा वेगळा इशारा देतं, पण बातम्यांत लाट नाही एवढंच येतं आणि लोक समजतात काही नाहीच.

माझं म्हणणं, आपल्याकडे उन्हाळे दोन आहेत आणि आपण त्यांना एकच समजतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत ना? फेब्रुवारी ते एप्रिल कधीकधी पूर्वेकडून, घाटावरून जमिनीचा कोरडा वारा जोरात वाहतो आणि समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो. एरवी अकरा-बाराला येणारा खारा वारा दोन-तीनपर्यंत येतच नाही, तोवर पारा चढत राहतो. १६ एप्रिल २०२४ ला सांताक्रूझला ३९.७ झालं ते असं. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीतच मुंबई-ठाण्याला लाटेचा इशारा आला होता. त्या दिवशी ओठ फुटतात, वाळत घातलेले कपडे अर्ध्या तासात कडक होतात. असल्या दिवशी बहिणीचा कूलर कळव्यातही बऱ्यापैकी चालेल, पण असे दिवस थोडे.

दुसरा उन्हाळा मे महिन्याचा. वारा समुद्राचाच, पारा ३५-३६ च्या वर जात नाही, पण रात्री २७-२८ च्या खाली उतरत नाही आणि घाम वाळत नाही. आणि हा वारासुद्धा कुलाब्याला आधी, आपल्याला उरलासुरला. मध्ये अख्खी मुंबई तापलेली, मग येऊरचे डोंगर, मग आपण. तुमच्या तर पाठीशीही पारसिकचा डोंगर.

मोबाईलमधल्या ३६ वर फार विसंबू नका. खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, मोकळ्या जागी, सावलीत, साधारण छातीच्या उंचीवर असतो. बातम्यांत येतात ते आकडे कुलाबा आणि सांताक्रूझचे. तुमच्या गच्चीचा स्लॅब त्यात कुठेच मोजला जात नाही.

रात्रपाळी_वाशी

नर्स आहे, नवी मुंबईत. कूलरचं सरांनी सांगितलं, मला शेगडीची काळजी वाटतेय. पहाटे चार ते साडेदहा बंद स्वयंपाकघरात उभं राहणं हे उन्हात खडी फोडण्याइतकंच काम आहे, फक्त ऊन दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हाने १४ माणसं गेली तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

नुसतं पाणी ढोसू नका, मीठ जातंय. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. लिंबू पिळा हवं तर. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. कोकमाचं सरबत, पन्हं छानच, पण त्यात मीठ घातलंय का बघा, बाटलीतल्या सरबतात नुसती साखर असते.

डबे पोचवणाऱ्या मुलांना एक सांगून ठेवा. माणूस बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला आणि अंग हाताला भाजतंय, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी. अशा वेळी "थोडा बस, बरं वाटेल" नाही. सावलीत आडवा करायचा, कपडे सैल करून पाण्याने भिजवायचे, वारा घालायचा, बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. १०८ लावायचा आणि गाडी येईपर्यंत भिजवत राहायचं.

पेटी_मार्केट

विषय कूलरचा आहे, पण उन्हाळ्याचं निघालंच आहे तर फळबाजारातून दोन शब्द. एपीएमसीत आंबा उतरवतो आम्ही. मार्चमध्ये असला चटका बसला की कोकणात सुपारीएवढी कैरी गळून पडते. जी टिकते तिच्यावर उन्हाच्या बाजूने डाग, फळ भाजतं. आणि उरलेल्यात साका. वरून पेटी सोन्यासारखी, कापला की आत पांढरट, रबरासारखा, आंबट गर. गिऱ्हाईक शिव्या आम्हाला घालतं. फळाला खालून जमिनीची धग लागली की साका वाढतो, म्हणून जाणते बागायतदार झाडाखाली गवत पसरतात आणि काढलेला आंबा उघड्या जमिनीवर ठेवत नाहीत. मग मे महिन्यात सगळाच माल एकदम पिकतो आणि भाव बसतो.

ताई, तुम्ही ताडगोळे खा. सध्या त्याच्याइतकं गार फळ नाही.

शहापूरकर

ठाण्याला निदान नळाला पाणी आहे म्हणून लादीवर शिंपडता. भातसा, तानसा, मोडकसागर सगळी धरणं आमच्या बाजूला आणि मे महिन्यात आमच्याच पाड्यांवर टँकर. बाया हंडे घेऊन उन्हात उभ्या. त्यांचं तापमान कुठल्या पेटीत मोजतात तेही सांगा सर.

येऊर_पायथा

शहापूरकर, कुठल्याच नाही. खरं आहे तुमचं.

कळव्याची_डबेवाली

सगळ्यांचे आभार. बहिणीला फोन करून साडेसत्तावीस आणि तेवीस असं वाचून दाखवलं. आधी गप्प, मग म्हणाली "म्हणजे तुझ्या घरात घामसुद्धा कामचुकार." कूलर आता तिच्या दिराकडे अकोल्याला चाललाय.

नर्सताई, मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं. दुपारी पाय वळायचे ते कमी झालेत. मुलांनाही एकेक बाटली देतेय.

आता दोन गोष्टी. एक, काल मुरबाडच्या बाजूला काळे ढग दिसले, गडगडलं, आणि इथे एक थेंब नाही. वळीव पडला की सुटेल का हे? दुसरं, सोसायटीत एक जण म्हणाले गच्चीला चुना मारा. खरंच फरक पडतो की नुसतं समाधान?

येऊर_पायथा

वळिवाचा भरवसा धरू नका. दुपारभर तापलेली जमीन, त्यात समुद्राकडची ओली हवा सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोचते, घाटाला धडकून वर चढते आणि माळशेज-मुरबाडकडे ढग उभे राहतात. वरच्या थरात पूर्वेचा वारा असेल तर ते संध्याकाळी बदलापूर-कल्याणवरून आपल्याकडे ढकलले जातात, नसेल तर तिथेच मोकळे होतात. येतात तेव्हाही सुखाने येतीलच असं नाही. १३ मे २०२४ ची धुळीची वावटळ आठवा, घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जण गेले ती संध्याकाळ. एका सरीने रात्र गार जाते, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या जमिनीतून वाफ निघून उकाडा दुप्पट. खरी सुटका मोसमी पावसाचीच. मुंबईची सरासरी तारीख ११ जून. २०२५ ला २६ मे ला आला म्हणून दरवर्षी येईल असं धरून चालू नका.

चुन्याचं मात्र शंभर टक्के खरं. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, स्लॅब मुळात तापतच नाही, मग रात्री सोडणार काय? खोलीत दोन-तीन अंश तरी उतरतात, आणि वरच्या मजल्याला तेवढे पुष्कळ. गच्ची घासून धुवा, कळीचा चुना आदल्या रात्री भिजवून गाळून घ्या, त्यात फेविकॉल घाला म्हणजे पायाला लागत नाही, आणि दोन हात मारा. भिजवताना चुना उकळतो, प्लॅस्टिकची बादली नको, मुलांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा. पहिल्या जोरदार पावसात बराच धुऊन जाईल, पण तोवर तुमचं काम झालेलं असेल.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

सोसायटीकडून लेखी घ्या. नाहीतर पावसाळ्यात कोणाच्याही घरात गळालं तरी चुन्याचं नाव निघेल.

कळव्याची_डबेवाली

लेखी मिळालं, सेक्रेटरींचंही घर वरच्याच मजल्यावर आहे! रविवारी डबे बंद असतात, तेव्हा उजाडता उजाडता लागतोय कामाला. कळवा-खारेगावात कोणाकडे लांब दांड्याचा ब्रश असेल तर इथे कळवा, एका दिवसासाठी हवाय. बदल्यात डबा पाठवीन. खोबरं न घातलेला.