वैमानिकाचं घर : तुमच्या आठवणी लिहा

गोधडी
२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला, तो आईबरोबर टीव्हीवर पाहिला. १९६३ साली याच चंडीगडला हे विमान आपल्या हवाई दलात आलं होतं. बाबांची अर्धी नोकरी त्याच्यावरच गेली. निवेदिका बोलत होती, मागे विमानाचा आवाज पुसटसा येत होता. आई एकदम म्हणाली, "रीहीट लावलाय." म्हणजे इंजिनाला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण आईचा कान अजून तयार आहे.

मग रात्री आम्ही दोघी किती वेळ बोलत बसलो. नाइट फ्लाइंगचा आठवडा आला की दुपारी बाबांना सक्तीची झोप. जाड पडदे, पंखा फुल, आणि आम्हा पोरांना घराबाहेर हाकललेलं. दुपारी दोन ते पाच कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. दारावरची बेल आई कापडात गुंडाळून ठेवायची. शेजारच्या पंजाबी काकूंकडेही तेच. त्यामुळे त्या आठवड्यात अख्ख्या कॉलनीतली पोरं उन्हात, झाडाखाली. संध्याकाळी बाबा ओव्हरऑल घालून निघाले की पहिलं टेकऑफ होईपर्यंत आई स्वयंपाकाला हात लावत नसे. लावायची नाहीच.

आणि एक नियम. पहाटे मेट ब्रीफिंगला, म्हणजे हवामानाची माहिती घ्यायला, जायच्या आधी घरात भांडण नाही. आदल्या रात्री कितीही वाजलेलं असो, सकाळी चहा हसूनच द्यायचा. आई म्हणते, "राग संध्याकाळपर्यंत डब्यात भरून ठेवायचे."

फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर, कुणाच्याही घरचे असाल तर लिहा. बायको, मुलं, आईवडील, स्वतः वैमानिक, सगळे.

मुक्काम_पोस्ट
आमच्या आजीला शेवटपर्यंत वाटत होतं की ५६ एपीओ (सैन्याच्या टपालाचा पत्ता) हे गाव आहे!! मामांची सगळी पत्रं तिथून. "या गावाला थंडी फार दिसते" म्हणायची आणि स्वेटर विणायला घ्यायची. मामा तेव्हा राजस्थानात उत्तरलाईला, बाडमेरजवळ. मे महिन्यात स्वेटर पोचले होते त्यांना. त्यांनी घालून फोटो काढून पाठवला, घामाने निथळत. तो फोटो आजीच्या देव्हाऱ्याशेजारी होता.

वाचनवेडी
वाचतेय. पोळ्या झाल्या की लिहिते.

ब्रह्मपुत्रा_ते_पंचगंगा
सगळे फायटरचंच बोलतात म्हणून लिहिते. आमचे हे एएन-३२ या मालवाहू विमानावर. जोरहाटला होतो तेव्हा अरुणाचलातल्या मेचुका, विजयनगर अशा धावपट्ट्यांवर तांदूळ, मीठ, रॉकेल, कधी आजारी माणूस, कधी गरोदर बाई घेऊन जाणं-येणं. तिथे रस्ता कधी असतो कधी नसतो, विमान आलं तर गावात मीठ. दरीत शिरायचं आणि पुढे ढग आले तर वळायला जागा नाही, असं हे एकदाच बोलून गेले, मग विषय बदलला.

जुलै २०१६ मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ २९ जणांसकट बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं. अवशेष समुद्रतळाशी सापडल्याची बातमी आली जानेवारी २०२४ मध्ये. मधली साडेसात वर्षं त्या २९ घरांनी कशी काढली असतील? ती बातमी आली त्या दिवशी आमच्या घरी टीव्ही लागला नाही. ह्यांनी सायकल काढली, राजारामपुरीतून निघून रंकाळ्याला चकरा मारून आले. मी काही विचारलं नाही.

जुनं_पाखरू
गोधडीताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. रीहीट कानाने ओळखणारी माणसं आता कमी राहिली.

मी स्वतः वैमानिक. एनडीए, मग दुंडिगलची हवाई दलाची अकॅडमी, मग मिग. विंग कमांडर म्हणून निवृत्त. आमच्या वेळी किरणसारख्या संथ जेटवरून पोरगा थेट मिग-२१ वर जायचा. उतरताना ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग, नाकासमोरचं धड दिसत नाही, आणि वय बावीस-तेवीस. मधली पायरी म्हणून प्रगत जेट ट्रेनर पाहिजे हे १९८२ च्या ला फोंतेन समितीने सांगितलं होतं. तसे ट्रेनर, म्हणजे हॉक, हवाई दलात दाखल झाले २००८ ला. लोक विमानाला 'उडती शवपेटी' म्हणतात तेव्हा मला फार लागतं. विमान कडक होतं, चांगलं होतं. त्याच्यापर्यंत न्यायची शिडी आम्हाला उशिरा मिळाली. त्या मधल्या वर्षांतले माझे कोर्समेट फोटोत आहेत.

पण धागा घराचा आहे. आमची ही एमएस्सी बीएड. दर पोस्टिंगला नवी शाळा, पुन्हा तात्पुरती नेमणूक, पुन्हा सुरुवातीचा पगार. तेजपूर, सिरसा, नलिया, कलाईकुंडा. कुठे विज्ञानाची जागा नव्हती म्हणून हिने बालवाडी शिकवली. मुलीच्या दहावीला मी डिटॅचमेंटवर (दुसऱ्या तळावर तात्पुरता), मुलाच्या मुंजीला ऐनवेळी रजा रद्द, मामाने मांडीवर घेतलं. माझ्या छातीवर पदकं लागली. मला पेन्शन आहे, हिला नाही. हे मी सगळीकडे बोलतो, इथेही लिहितो, कारण त्या नोकरीचा निम्मा भार तिने वाहिला आणि कागदावर त्याची नोंद कुठेच नाही.

शेवटच्या सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, रिवाजाप्रमाणे फायर टेंडरने पाणी उडवलं. ही पहिल्यांदा टारमॅकवर आली होती. शिडी चढून कॉकपिटमध्ये डोकावली आणि म्हणाली, "एवढ्याशा जागेत बसत होतात?" कितीतरी वेळ आत बघत राहिली. मग सीटच्या पट्ट्यांना हात लावून पाहिला.

गोधडी
काका, आईला वाचून दाखवलं. "त्या वहिनींचा नंबर मिळेल का" विचारतेय.

सायलीची_वेल
विषयांतर होतंय, माफ करा. मुलगी अकरावीत आहे, एनडीए फ्लाइंगच म्हणते. उंची १६१ आहे. कुणाला माहिती आहे का?

जुनं_पाखरू
सायलीताई, फ्लाइंगला किमान १६२.५ सेंमी लागते. शिवाय पायांची लांबी, बसल्यावरची उंची, मांडीची लांबी वेगळी मोजतात, कॉकपिटमध्ये मावणं आणि पेडल गाठणं दोन्ही जमायला हवं. अजून वय आहे, वाढेल. घरी भिंतीला टेकून मोजू नका, डॉक्टरकडे नीट मोजा. सीपीएसएस ही वैमानिकाची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तयारीशिवाय बसवू नका. आणि छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी एसपीआय ही एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था आहे, तशी मुलींसाठी नाशिकला सुरू झाली आहे, तिथे चौकशी करा.

वाचनवेडी
आले. मी नवी नवरी, कॉलनीत येऊन थोडेच दिवस झालेले. एका सकाळी फ्लाइंग अचानक थांबलं. शांतता म्हणजे काय ते तेव्हा कळलं. वरच्या मजल्यावरची ताई मटारची पिशवी घेऊन खाली आली, म्हणाली चल सोलू. काही सांगेना. फोन उचलला तर बंद. मग खालून सीओंची (कमांडिंग ऑफिसरची) गाडी येताना दिसली, आत त्यांच्या मिसेस आणि डॉक्टर. प्रत्येक गॅलरीत एकेक बाई उभी. गाडी हळू चाललेली. आमच्या गेटवरून पुढे गेली.

तेव्हा जे वाटलं ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. गाडी पुढे गेली म्हणजे ती कुणाच्या तरी दारात थांबणारच होती ना. जिच्या दारात ती थांबली तिच्या घरी महिनाभर आम्ही बायका पाळीने झोपलो. तिचं बाळ माझ्याकडे होतं. घर आवरायची वेळ आली तेव्हा ट्रंका आम्हीच भरल्या. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात तिच्या नवऱ्याचं नाव आणि रँक. कुणीतरी विचारलं की नाव खरवडायचं का. ती म्हणाली, अजिबात नाही. ते बाळ आता इंजिनियर आहे, दिवाळीला फोन करतं मला.

मुक्काम_पोस्ट
🙏 काय बोलू

ब्रह्मपुत्रा_ते_पंचगंगा
वाचनवेडी, मटार सोलणारी ती ताई प्रत्येक स्टेशनला असते गं. तिच्यामुळेच आपण टिकतो.

कच्छी_मराठी
बाबा जामनगरला एमआय-८ हेलिकॉप्टरवर. २६ जानेवारी २००१, भूकंपाचा दिवस, आम्ही शाळेत झेंडावंदनाला मैदानात उभे होतो म्हणून वाचलो असं आई म्हणते. क्वार्टरच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. बाबा तिथूनच हेलिकॉप्टरकडे पळाले, आम्ही ठीक आहोत हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं. आम्ही बाहेर तंबूत, आणि सगळ्या आया मेसमध्ये पुऱ्या लाटायला, भुजला पाठवायला. भुजच्या स्टेशनवर तर हवाई दलातलीच कुटुंबं गाडली गेली होती. बाबा दोन-तीन दिवसांनी आले. पाणी मागितलं आणि ओव्हरऑलसकट सतरंजीवर आडवे. बुटांत सिमेंटची धूळ होती. माझा धाकटा भाऊ ती फुंकरीने उडवत बसला होता.

चांगली आठवणपण सांगते. कुणाचा वाढदिवस असला की मेसमध्ये जुनं रद्द झालेलं पॅराशूट छताला बांधायचे. खाली आम्ही पोरं. मला वाटायचं सगळ्यांच्याच वाढदिवसाला पॅराशूट असतं. पुण्याला शाळेत मैत्रिणीकडे गेले आणि छताकडे बघत राहिले.

सातारी_सून
कच्छी_मराठी तुम्ही जामनगरला कधीपर्यंत होतात??? आम्ही २००० ते २००३! केव्ही एअरफोर्सला होतात का? लाखोटा तलावावर संध्याकाळी जायचो सगळे.

कच्छी_मराठी
हो!!! सहावीत होते तेव्हा. तुमच्याकडे पांढरं कुत्रं होतं का?

सातारी_सून
होतं की! तुझ्या पानावरची विचारपूस बघ, लगेच लिहिते.

दुपारची_झोप
मी बहुधा इथली सगळ्यात नवीन. लग्नाला वर्ष होत होतं आणि मे २०२५ उजाडला, ऑपरेशन सिंदूरचा. नवरा कुठे आहे ते माहीत नाही, मोबाईल बंद, कॉलनीत ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद लावताना सासूबाईंचा साताऱ्याहून फोन. त्यांची आई ७१ साली अंबाल्याला होती. ३ डिसेंबरला संध्याकाळी हल्ले सुरू झाले तेव्हा काय काय केलं ते त्यांनी मला पाठ असल्यासारखं सांगितलं. पाणी भरून ठेव, चप्पल पलंगाशी ठेव, टॉर्चला कागद लाव, टीव्ही बघू नकोस, शेजारणीला एकटी ठेवू नकोस. टीव्हीचं सोडून सगळं केलं. तेवढं जमलं नाही, सगळ्या चॅनलवर काहीही चाललं होतं आणि बघवतही नव्हतं. शेवटी शेजारणीनेच वायर काढून स्वतःच्या घरी नेली.

तो परत आला तेव्हा वजन उतरलेलं. काय केलं, कुठे होता, काही बोलला नाही, मीही विचारलेलं नाही. आल्या आल्या वरणभात मागितला.

जुनं_पाखरू
बेटा, त्याला हवं तेव्हा तो बोलेल. आमच्या हिने मला कारगिलचं विचारलंच नाही. मीच सांगितलं, बऱ्याच वर्षांनी, नातीला झोपवताना.

सायलीची_वेल
पुन्हा आले. हा धागा मुलीला वाचायला दिला. सगळा वाचला. म्हणाली, "आई, तू मटार सोलणारी होशील ना?" आता मला रडू आवरत नाहीये. बसल्यावरची उंची किती लागते काका?

जुनं_पाखरू
किमान ८१.५, कमाल ९६. पायांची लांबी ९९ ते १२०. मांडी ६४ पर्यंत. पण परीक्षेच्या वेळची अधिसूचना बघा, आकडे तिथले खरे. दोरीच्या उड्या आणि सूर्यनमस्कार चालू ठेवा म्हणावं. गणित पक्कं आहे ना?

सायलीची_वेल
गणित उत्तम, इंग्रजी बोलायला घाबरते.

ब्रह्मपुत्रा_ते_पंचगंगा
इंग्रजीचं मी बघते. कोल्हापुरात असाल तर घरी पाठवा, नाहीतर रविवारी फोनवर बोलू.