विषय: अंगावर बाळगण्यासाठी लहान पिस्तूल, सल्ला हवा

सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

टेक्ससमधल्या प्लेनोत असलेले माझे औषधांचे दुकान रात्री नऊला बंद होते. त्यानंतर हिशेब मिटवून मी मागच्या दाराने एकटीच गाडीपर्यंत जाते. गेल्या हिवाळ्यात दोनदा त्या दाराशी अनोळखी माणूस उभा असलेला पाहिल्यापासून पिस्तूल बाळगायचे मी ठरवले असून, परवान्याचा वर्गही पूर्ण केला आहे. विक्रेत्याने ग्लॉक 19, ग्लॉक 43एक्स, सिग पी365 आणि स्मिथ अँड वेसनचे शील्ड ईझेड अशी चार पिस्तुले पुढे ठेवली आणि ग्लॉक 19 सगळ्यांनाच चालते, असे सांगितले. माझे वय 58, हात लहान आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. दुकानात अंगावर पांढरा कोट असतो, एरवी बहुधा सलवार-कुडता. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांनी कृपया कळवावे.

आपली,
प्लेनोहून

———

उत्तर: अंगावर बाळगण्यासाठी लहान पिस्तूल, सल्ला हवा

ताई, सप्रेम नमस्कार.

अकरा वर्षे मी रोज पिस्तूल बाळगतो आणि त्या काळात तीन पिस्तुले बदलली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विक्रेत्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. 1988 साली आलेले ग्लॉक 19 आजही इतरांना मोजण्याचे माप आहे: चार इंचांची नळी, 15 गोळ्यांचे मॅगझिन आणि वर्षानुवर्षांचा भरवसा. परंतु रिकामे असताना सुमारे 24 औंस असलेले त्याचे वजन भरल्यावर 30 औंसांच्या घरात जाते, आणि ते दिवसभर कमरेला पेलायचे तर जाड, ताठ पट्टा हवा. सलवारीच्या नाडीला हा भार सोसणार नाही. हा प्रश्न या देशातला विक्रेता विचारत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे जीन्स घातलेले गिऱ्हाईक असते.

लपवायचे म्हटले की लोक नळीची लांबी पाहतात. वास्तविक नळी कमरेच्या कपड्याच्या आत जाते. बाहेर उरते ती मूठ, आणि वाकल्यावर कापडाआडून उठून दिसते तीही मूठच. 2019 मध्ये आलेले ग्लॉक 43एक्स अंगाने पातळ आणि नळीने आखूड आहे खरे, पण त्याची उंची जवळजवळ ग्लॉक 19 इतकीच असल्यामुळे, तुम्ही खालच्या खणातून डबी काढायला वाकलात की कोटाच्या पाठीवर त्याचा कोपरा दिसेल.

2018 साली आलेल्या सिग पी365 ने खरा फरक घडवला. त्याआधीच्या पातळ पिस्तुलांत, उदाहरणार्थ 2015 च्या ग्लॉक 43 मध्ये, सहा गोळ्या एकीवर एक रचलेल्या असत. पी365 च्या मॅगझिनमध्ये त्या खाली दोन रांगांत बसतात आणि वर निमुळत्या होत एका रांगेत येतात, त्यामुळे जेमतेम इंचभर जाडीत दहा मावतात. नळी 3.1 इंच, वजन 18 औंसांच्या आत. निव्वळ लपवण्याचा विचार केला तर या चौघांत त्याला तोड नाही, आणि मी स्वतः तेच बाळगतो.

तरीही ते तुम्हाला सुचवायला माझे मन धजत नाही. पिस्तूल हलके असले की गोळीचा धक्का हातालाच सोसावा लागतो, आणि स्लाईड, म्हणजे पहिली गोळी नळीत भरण्यासाठी मागे ओढायचा वरचा सरकता भाग, आखूड असली की तिची स्प्रिंग कडक ठेवावी लागते. माझ्या पत्नीच्या बोटांनाही संधिवात आहे. नेमबाजीच्या रेंजवर तिने माझ्या पी365 ची स्लाईड ओढली, ती अर्ध्यावरच निसटली, काडतूस तिरके होऊन नळीच्या तोंडाशी अडकले, आणि ते सोडवण्याच्या खटपटीत पिस्तुलाचे तोंड नकळत शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे वळले. तिचे बोट चापावर नव्हते. तरी तो क्षण मी विसरलेलो नाही.

शील्ड ईझेड नेमके अशा हातांसाठी बनवले आहे. त्यात गोळी उडवायला स्ट्रायकरऐवजी (स्प्रिंगच्या जोरावर पुढे सुटणाऱ्या सुईऐवजी) आत दडलेला हॅमर, म्हणजे छोटी हातोडी, असल्याने स्प्रिंग मऊ ठेवता आली, आणि मॅगझिनच्या बाजूला खाली दाबायची बटणे असल्याने गोळ्या भरताना अंगठ्याला कळ लागत नाही. मुठीच्या पाठीला असलेली सेफ्टी पूर्ण आवळली गेल्याशिवाय गोळी सुटत नाही. तुमच्या पकडीत ती दर वेळी दबते ना, हे आधी तपासावे. आकार मात्र लहान नाही, 9 मिलिमीटर काडतुसाच्या नमुन्याचे वजन 23 औंस आहे आणि मॅगझिनमध्ये आठच गोळ्या बसतात. जुने घेणार असाल तर क्रमांक कंपनीकडून जरूर तपासून घ्या, कारण 2020 मधल्या काही महिन्यांत बनलेल्या 9 मिलिमीटर नमुन्यांचे हॅमर बदलण्यासाठी कंपनीने ते परत मागवले होते.

कोणी पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर सुचवील. त्याला स्लाईड नाही हे खरे, पण त्याचा चाप इतका जड असतो की दुखऱ्या हाताने नेम हमखास ढळतो.

पर्समध्ये मात्र ठेवू नका, ही कळकळीची विनंती. चोर आधी पर्सच ओढतो, आणि किल्ल्यांचा जुडगा चापाजवळ जाणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) शिवलेला रुंद कापडी कमरपट्टा मिळतो, तो कुडत्याखाली नाडीवर अवलंबून न राहता नीट बसतो.

आपला,
फ्रिस्कोहून

———

उत्तर: अंगावर बाळगण्यासाठी लहान पिस्तूल, सल्ला हवा

नमस्कार.

दोन गोष्टी जोडतो. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याविना पिस्तूल बाळगता येत असले, तरी ताईंनी परवाना घेतला हे उत्तम केले, कारण शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल बाळगण्यास मनाई करणाऱ्या संघीय कायद्यातून परवानाधारकाला सूट मिळते. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असूनही ते नेता येत नाही. आपला गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात होतो, याची सर्वांनी कृपया आठवण ठेवावी.

दुसरे असे की, एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणे हा संघीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. ताईंच्या दुकानात व्हिसावर काम करणारे कोणी असेल, तर पिस्तूल क्षणभरही त्यांच्या हाती सांभाळायला देऊ नये.

आपला,
अर्व्हिंगहून

———

उत्तर: अंगावर बाळगण्यासाठी लहान पिस्तूल, सल्ला हवा

सर्वांना नमस्कार आणि मनापासून आभार.

शनिवारी रेंजवर चारही पिस्तुले भाड्याने घेऊन सात यार्डांवरून चालवून पाहिली. ग्लॉक 19 ने माझा नेम सर्वांत चांगला लागला, हे प्रामाणिकपणे सांगते. परंतु दहा वेळांपैकी चार वेळा मला त्याची स्लाईड पूर्ण ओढता आली नाही. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी चिमटीने मागे खेचण्याऐवजी डाव्या हाताच्या तळव्याने स्लाईड वरून घट्ट धरून उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायला शिकवले, त्याने बराच फरक पडला, पण दुखरा अंगठा काही ऐकेना. पी365 चे दुसरे मॅगझिन मी पूर्ण केले नाही.

ईझेड 9 मिलिमीटर आणि .380 अशा दोन्ही काडतुसांसाठी मिळते. पहिल्याची तीन मॅगझिन झाल्यावर हात ठणकू लागला, दुसऱ्याची सहा झाली तरी सरावाची इच्छा शिल्लक होती. .380 चे काडतूस दोन मिलिमीटरने आखूड आणि ताकदीने कमी आहे हे समजून-उमजून मी तेच घेत आहे, कारण दर आठवड्याला सराव करता येईल असे ते एकच आहे.

कमरपट्टाही मागवला. कोट घालून आरशापुढे रिकामे पिस्तूल काढून पाहिले, तेव्हा दर वेळी खालच्या बटणाशी हात अडकत होता. ते बटण मी कालपासून लावत नाही.

आपली,
प्लेनोहून