मिलिटरीची जुनी धुडं घाटात चालवावीत, की ट्रेलरवर न्यावीत?

डबलक्लच
गेल्या महिन्यात सासवडहून दिवे घाट उतरत होतो. गाडी निसान वन टन, लष्कराच्या लिलावातून निघून तिसऱ्या हातानं माझ्याकडे आलेली. दुसऱ्या वळणाला ब्रेक मऊ लागला. पुढच्या वळणाला पेडल थेट पत्र्याला टेकलं. चार-पाच वेळा पंप मारल्यावर अर्धामुर्धा ब्रेक मिळाला. डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, थर्डचा सेकंड केला, इंजिन बोंबललं, पण गाडी आवरली. डोंगराकडच्या बाजूला उभी केली आणि ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाकले, तर तव्यावर पडल्यासारखे चर्र झाले. पुढे एसटी होती, मागे बाइकवर कॉलेजची पोरं.

चूक माझीच. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललं नव्हतं. ते हवेतलं पाणी ओढतं, घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि मग आपण पायानं नुसती वाफ दाबत बसतो. त्यात ब्रेकची लाइन एकच. आजच्या गाडीत एक सर्किट गेलं तर दुसरं असतं. इथे एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी.

त्या दिवसापासून माझं मत ठाम झालंय: विलीज जीप सोडा, ती जेमतेम हजार-अकराशे किलोची. पण वन टन, डॉज, शक्तिमान असली धुडं घाटात आणि हायवेवर लो-बेडवरच, म्हणजे बुटक्या ट्रेलरवरच न्यावीत. घराभोवती वीस-पंचवीस किलोमीटर हौस भागवावी. बोला.

जोंगाप्रेमी_कोल्हापूर
म्हणजे ऑइल तुम्ही नाही बदललं आणि शिक्षा गाडीला? वा!

अहो, या गाड्या उभ्या राहूनच मरतात. सहा महिने शेडमध्ये ठेवा, व्हील सिलिंडर जाम, रबर कडक, टाकीत गंज. मग रॅलीच्या दिवशी ट्रेलरवरून उतरवून गर्दीत चालवायची? ते जास्त धोक्याचं. माझी जोंगा, म्हणजे लष्कराची जुनी मोठी जीप, दर रविवारी पन्नास किलोमीटर पळते, म्हणून तिचा ब्रेक कसा लागतो ते माझ्या पायाला पाठ आहे. ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन आहे, खालच्या गिअरमध्ये असं धरून ठेवतं की घाटात ब्रेकला पाय लावायची वेळच येत नाही. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. तुम्ही थर्डमध्ये का उतरत होतात?

आणि वाळूचे ओव्हरलोड डंपर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरतात, त्यांना आधी ट्रेलरवर घाला.

रोजचा_प्रवासी
डंपर वाईट म्हणून तुमचं चांगलं? हे कसलं लॉजिक. डंपरवाला पोटासाठी येतो, तुम्ही हौसेसाठी. तुमच्या हौसेची जोखीम माझ्या बायको-पोरांनी का घ्यायची?

माझा मुद्दा ब्रेकचा नाहीच. तुम्ही चाळीसनं चालता, बाकीचे नव्वदनं. मागून येणाऱ्याला तुमचा मिणमिणता टेललॅम्प दिसेपर्यंत तो तुमच्या डाल्यात असतो. मागे धडक बसली तर तुमच्या जाड लोखंडी बंपरला ओरखडा येणार, माझ्या गाडीचा चक्काचूर.

नियमवाला
थोडं कायद्याचं, कारण इथे बरेच जण ‘व्हिंटेज नंबर घेतला की झालं’ असं समजतात. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. जोंगा जबलपूरला १९६९ पासून बनायला लागली, म्हणजे पहिल्या काही वर्षांच्याच त्यात बसतात, १९८५ची नाही. सहाचाकी जीएमसी ट्रक तर ‘चारचाकी’ या शब्दावरच अडतो.

गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या वर असेल तर कारचं लायसन्स चालत नाही. आणि हौशी मंडळींनो, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, नियम १२१. फोटो टाकण्याआधी विचार करा.

जोंगाप्रेमी_कोल्हापूर
माझी राखाडी आहे. 😄

माजी_फौजी
डबलक्लच भाऊ, मी शक्तिमान चालवलीय, लेहच्या रस्त्यावर. गाडी जर्मन एमएएनच्या परवान्यावर बनलेली, अगदी दणकट. पण ती एकटी कधीच नसायची. कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे गाड्यांच्या ताफ्यात, ठरलेला वेग, ठरलेलं अंतर, शेजारी को-ड्रायव्हर, निघण्यापूर्वी रोज तपासणी. थांबलो की आधी चाकाखाली लाकडी ठोकळा, मग चहा. तुम्ही लोकांनी गाडी घेतली, पण तिच्यामागची ही शिस्त लिलावात मिळत नाही.

तरी ट्रेलरच्या मी विरोधात आहे. घसरड्या फळ्यांवरून चार टनांची गाडी चढवताना उलटलेली बघितलीय. आणि ट्रेलरवाल्याचे ब्रेक कोण तपासतं?

पावसात मात्र काढू नका. त्या जुन्या गुट्ट्यांच्या टायरचा ओल्या डांबरावर काही भरवसा नाही. फोर व्हील लावली की पकड वाढेल असं वाटतं, पण डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, स्टिअरिंग वळायला मागत नाही.

लीड्सकर
इथे ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणी माफ आहे, २०१८ पासून. तरी आमच्या ओळखीचे जीपवाले हौसेनं तपासून घेतात, कारण माफी पोलिसांकडून मिळते, उताराकडून नाही.

टायरवाल्याबद्दल कुणीच बोललं नाही. काही जुन्या मिलिटरी चाकांची रिम दोन भागांची, बोल्टनं जोडलेली असते. पंक्चरवाल्यानं चाक काढायचे नट समजून हवा भरलेली असताना ते सोडले, तर अर्धी रिम तोफगोळ्यासारखी सुटते. ब्रिटिश सैन्यात त्या नटांना लाल रंग द्यायचे, तेवढ्यासाठीच.

डबलक्लच
लाल रंग उद्याच. माझ्या रिम तशाच आहेत आणि गेल्या वर्षी हायवेवरच्या पंक्चरवाल्यानं त्याच नटांवर पाना लावला होता, मी चहा पीत होतो.

जोंगावाले, थर्डचं खरंय, ती माजोरी होती. नियमित फिरवायला हवी हेही मान्य. पण रोजचे प्रवासी म्हणतात त्याला तुमच्याकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही. मी मागे रिफ्लेक्टर पट्ट्या आणि पिवळा फिरता दिवा लावलाय. तो पुरेसा नाही, म्हणून हायवे बंद. घाट फक्त चढायचा, उतरायला ट्रेलर.

फौजीदादा, फळ्यांऐवजी हायड्रॉलिक रॅम्पवाला लो-बेड पुण्यात कोणाकडे आहे, माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माजी_फौजी
करतो. पण त्याचे ब्रेक तुम्ही स्वतः दाबून बघा.