कंट्री गायकाने चर्चची जुनी गीतं गावीत ती कशी?

अटलांटाकर
कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाचं गाणं गाणाऱ्या ॲलन जॅक्सनचा 'प्रेशस मेमरीज' हा चर्चगीतांचा अल्बम म्हणजे सपाट गाणं, त्यात जीव नाही, असं परवा इथे एकाने लिहिलं. ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

जॅक्सन इथल्याच, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या न्यूननचा. आईला नाताळची भेट म्हणून त्याने लहानपणी चर्चमध्ये ऐकलेली १५ गीतं रेकॉर्ड केली. विकायचा विचार नव्हता. २००६ मध्ये अल्बम बाजारात आला आणि दहा लाखांवर खपला.

मी ज्याला सपाट म्हणणार नाही ते सांगतो. आमच्या शेजारच्या आजींकडे गीतांचं जुनं पुस्तक आहे. त्यात स्वरांची डोकी त्रिकोणी, चौकोनी, अर्धगोल अशी छापलेली. नुसता आकार पाहून स्वर ओळखता यावा म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत ही पद्धत रुजली. आजी शेंगा मोडत बसतात, सीडी लावतात, जॅक्सन मूळ चाल धरतो आणि आजी खालचा सूर, आल्टो, लावतात. तो गळ्याची एकही हरकत घेत नाही. घेतली असती तर आजींना थांबावं लागलं असतं.

खर्ज
आजींना नमस्कार. पण सोबतीला बरा, एवढ्यावर गायक मोठा होत नाही हो. १९३२ मध्ये गीतकार थॉमस डॉर्सीची बायको बाळंतपणात गेली, मागोमाग बाळही. त्या दुःखात त्याने केलेलं गीत गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गाणाऱ्या महालिया जॅक्सनने १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीत गायलं. ते ऐका. देवाचा धावा करताना आवाज जागेवर राहतो का कधी? तुमचा ॲलन जॅक्सन वहीतलं वाचून दाखवतो.

अटलांटाकर
दुःख दोन्हीकडे आहे. त्याच अल्बममधलं 'लीनिंग ऑन दि एव्हरलास्टिंग आर्म्स' घ्या. संगीत शिकवणाऱ्या अँथनी शोवॉल्टरच्या दोन जुन्या शिष्यांच्या बायका वारल्या. सांत्वनाची पत्रं लिहिताना देवाच्या सनातन बाहूंबद्दलचं बायबलमधलं वचन त्याला आठवलं, त्यावरून धृपद झालं, १८८७ मध्ये गीत छापलं गेलं. चाल इतकी सोपी की पहिल्यांदा ऐकणाराही दुसऱ्या धृपदाला सामील होतो. ती कसरत न करता गाणं हीच तिची गायकी.

बी_साइड
माझी तक्रार वेगळी आहे. आईसाठी केलं तर आईपाशी राहू द्यायचं. २०१३ मध्ये दुसरा भाग आला तो कशासाठी? खपलं म्हणून.
दुसरा कंट्री गायक, जॉनी कॅशचं बघा. गॉस्पेल विकलं जात नाही असं त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या सॅम फिलिप्सने त्याला सांगितलं होतं. असली गीतं गाता यावीत हे कॅशने ती कंपनी सोडण्यामागचं एक कारण होतं. १९५९ मध्ये कोलंबिया या दुसऱ्या कंपनीकडून त्याचा भक्तिगीतांचा पहिला अल्बम आला. आणि आईच्या पुस्तकातली गीतं त्याने उतारवयात, नुसत्या गिटारवर गायली. तो अल्बम २००४ मध्ये, त्याच्या पश्चात निघाला. आवाज थकलेला, दोन ओळींमधला श्वाससुद्धा ऐकू येतो. मला तिथे खरेपणा वाटतो.

पेटीवाला_नगर
मी ख्रिस्ती, मंडळीत रविवारी पेटी वाजवतो. आमच्या 'उपासना संगीत'मध्ये दोन्ही आहे: मिशनऱ्यांनी आणलेल्या चालींवरची भाषांतरं आणि रेव्हरंड टिळकांची पदं.
धागाकर्त्यांचं अर्धंच पटलं. विलायती चालीत मी एक मात्रा इकडची तिकडे केली तरी मंडळी अडखळते. टिळकांच्या भजनात उलट. ओळ खुशाल लांबवा, परत परत घ्या. लोक ती उचलतात, टाळ चढतो, आमचे पाळकही डोळे मिटून डोलायला लागतात. म्हणजे लोकांना जागा फक्त सरळ गाण्यातच मिळते असं नाही. महालियाच्या गाण्यातही समोरून हाकारे येतातच की.

खर्ज
अगदी! मला हेच म्हणायचं होतं, नीट मांडता आलं नाही.

अटलांटाकर
हाकाऱ्यांचा विचार मी केला नव्हता. महालियाबद्दलचं मान्य.
बी_साइड, दुसऱ्या भागाबद्दल मात्र नाही. आजींच्या चर्चमध्ये आता जेमतेम वीस माणसं येतात, आल्टो त्या एकट्याच. तो दुसरा भाग त्यांनी स्वतः जाऊन विकत आणला. घरी वरचा सूर धरायला त्यांना कोणीतरी हवं होतं.